पहिले क्रेडिट कार्ड आणि उत्पन्नाचा हंगाम

क्रेडिट कार्ड म्हणजे खात्यातील शिल्लक नव्हे, तर बँकेने ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंतची उधारी होय. ती देय तारखेपर्यंत पूर्ण फेडली तर खरेदीवर व्याज लागत नाही, पण थोडीही मागे राहिली तर बिनव्याजी मुदतीची सवलत जाते आणि खरेदीच्या तारखेपासून व्याज आकारले जाते. बिलावरील ‘किमान देय रक्कम’ हा या व्यवहारातील सर्वांत फसवा आकडा आहे, कारण तेवढी भरल्याने विलंबशुल्क टळते, व्याज टळत नाही. दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42 टक्के दर धरला, तर 20,000 रुपयांच्या बिलापैकी 1,000 भरून उरलेल्या 19,000 रुपयांवर महिन्याचे व्याज 665 रुपये आणि त्यावरील 18 टक्के जीएसटी सुमारे 120 रुपये होतो. पुढच्या महिन्यात पुन्हा 1,000 रुपये भरले, तरी मुद्दलातून जेमतेम 215 रुपये फिटतात.

म्हणून नव्या पदवीधराने कार्ड निवडताना रिवॉर्ड पॉइंटपेक्षा घरात पैसा केव्हा येतो हे पाहणे अगत्याचे ठरते. उदाहरणार्थ, ‘कारखाना’ हा शब्द रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा या दोन्ही गावांत चालतो, अर्थ मात्र निराळा. रोह्यालगतच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यात लागलेल्या तरुणाला दरमहा पगार मिळतो. त्याला पगाराच्याच बँकेचे, वार्षिक शुल्क नसलेले, लहान मर्यादेचे कार्ड पुरते. पेण, हमरापूर, जोहे येथील गणपतीच्या कारखान्यात घरच्या धंद्याला हातभार लावणाऱ्या पदवीधराची मोठी आवक गणेशोत्सवाच्या आधी होते, तर माती, रंग आणि मजुरी यांचा खर्च त्याआधी कित्येक महिने चालू असतो. वाण्याची वही गणपतीपर्यंत थांबते. कार्डाची देय तारीख थांबत नाही.

अशा तरुणाजवळ पगारपत्रक नसते आणि सिबिलचा गुणांकही, म्हणजे पूर्वीच्या कर्जफेडीवरून 300 ते 900 या पट्ट्यात ठरणारी पत, अद्याप तयार झालेली नसते. त्याला मुदत ठेवीच्या तारणावर मिळणारे कार्ड अधिक योग्य, कारण मर्यादा ठेवीच्या आतच राहते आणि वेळेवर फेडलेले प्रत्येक बिल पतविषयक नोंदीत जाते. मात्र थकबाकी राहिली तर ती त्या ठेवीतूनच वळती होते. 2010 साली पेण अर्बन बँकेवर निर्बंध येऊन ठेवी अडकल्यापासून पेणमध्ये ठेव हा शब्द सावधपणेच उच्चारला जातो, आणि ते योग्यही आहे. म्हणून एका बँकेतील ठेवीने व्याजासह पाच लाख रुपयांपर्यंतच्या ठेव विम्याची हद्द ओलांडू नये.

ज्या रोह्याशी रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे नाव जोडले जाते, तेथे त्याच बँकेचे कार्डविषयक निर्देश तरी अनोळखी राहू नयेत. त्यांनुसार न मागितलेले कार्ड पाठवता येत नाही. आणि थकबाकी नसलेले कार्ड बंद करण्याची विनंती कामकाजाच्या सात दिवसांत पूर्ण झाली नाही, तर कार्ड बंद होईपर्यंत ग्राहकाला दररोज 500 रुपये देणे बँकेवर बंधनकारक आहे.