सरोवराकांठची सुटी

उन्हाळ्याची सुटी म्हणजे पुस्तकांस रजा, ही समजूत बहुतेक घरांत दृढ आहे. मुलें खेळांत, गृहिणी साठवणीच्या पदार्थांत व पुरुष वर्तमानपत्रांत गुंततात. सुटी एक, पण घर तीन ठिकाणीं वांटलेलें. सर्व कुटुंबास एकाच वेळीं विश्रांति व ज्ञान लाभेल, अशी सुटी असूं शकेल काय? या प्रश्नाचें एक जुनें उत्तर अमेरिकेंत सांपडतें.

न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागांत शटॉक्वा नांवाचें सुमारें २७ किलोमीटर लांबीचें सरोवर आहे. १८७४ सालच्या ऑगस्ट महिन्यांत धर्मोपदेशक जॉन व्हिन्सेंट आणि कारखानदार लुईस मिलर यांनीं रविवारच्या धर्मवर्गांतील शिक्षकांसाठीं त्याच्या कांठीं शिबिर भरविलें. माणसें तंबूंत राहिलीं. कांठावर पॅलेस्टाइन देशाची प्रतिकृति रचली होती. तींत सरोवराचें पाणी हाच भूमध्य समुद्र! पुढें संगीत, विज्ञान, इतिहास हे विषय आले. तंबूंच्या जागीं घरें उभीं राहिलीं. १८९३ सालीं मुलांचा स्वतंत्र क्लब निघाला. वडील मंडळींना व्याख्यानें व मुलांना पाण्यावरील खेळ, अशी सोय झाली.

या व्यवस्थेवर आक्षेपही आला. प्रसिद्ध तत्त्ववेत्ते विल्यम जेम्स तेथें एक आठवडा राहिले. स्वच्छता, सौजन्य, विद्या, कशाचीच वाण नव्हती. तरीहि बाहेर पडतांना त्यांना सुटल्यासारखें वाटलें. जेथें झगडा नाहीं, तेथें जीवनाला धार नाहीं, असा त्यांचा अभिप्राय होता.

आक्षेप खोटा नव्हे. पण तो सरोवराकांठीं पाहुणा म्हणून आलेल्या विद्वानाचा आहे. १८७८ सालीं व्हिन्सेंट यांनीं चार वर्षांचा घरगुती वाचनक्रम सुरू केला. पहिल्याच वर्षीं ८,००० हून अधिक वाचकांनीं नांवें नोंदविलीं. पहिली तुकडी १८८२ सालीं उत्तीर्ण झाली. या वाचकांत स्त्रियांचा भरणा मोठा होता. ज्यांना महाविद्यालयाचें दार बंद, त्यांनीं घरकाम उरकून दिव्याच्या उजेडांत पुस्तक उघडणें हा झगडाच होता. उन्हाळ्यांतील शिबिरानें लावलेला दिवा अशा घरांत हिवाळाभर तेवत राहिला.

१९०४ सालापासून याच नांवाचीं फिरतीं व्याख्यानमंडळें तंबू घेऊन गांवोगांव जाऊं लागलीं. मोटार, चित्रपट व रेडिओ यांच्यापुढें तीं टिकलीं नाहींत. सरोवराकांठची संस्था मात्र आजहि दर उन्हाळ्यांत नऊ आठवडे गजबजते. रेडिओ शब्द घरपोंच करतो; पण ऐकलेल्या शब्दावर चार माणसांनीं एकत्र बसून बोलावें लागतें, तें काम तो करूं शकत नाहीं. त्यासाठीं सरोवरच हवें असें नाहीं. सुटीपुरतें एक पुस्तक सर्वांनीं मिळून निवडावें, आळीपाळीनें वाचावें, आणि रात्रीच्या जेवणानंतर त्यावर घरांतल्या धाकट्याला आधीं बोलूं द्यावें. एवढें झालें तरी तीन ठिकाणीं वांटलेलें घर कांहीं काळ एका ठिकाणीं येईल.