कणगीत जागा हवी

आमच्या कंधारात एखाद्या वयस्कर माणसाला म्हणावं, ‘चाचा, एकदा रक्तातली साखर तपासून घ्या,’ तर उत्तर ठरलेलं. ‘अंगावर मांस नाही, मला कुठून होणार साखर?’ खरी गोम त्या मांस नसण्यातच आहे.

जेवण पचलं की साखर रक्तात उतरते. इन्सुलिनच्या हुकमाने ती पेशींत जाते, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा स्नायूंचा. स्नायू ही शरीराची कणगी. पेशीच्या आत साखर वाहून नेणारी प्रथिने असतात. त्यांना ‘ग्लुट-४’ म्हणतात. कवीला उपमेवाचून राहवत नाही, म्हणून सांगतो, हे मोंढ्यातले हमाल आणि इन्सुलिन त्यांचा मुकादम. मुकादमाने हाक मारली की हमाल दारावर येतात, साखर आत नेतात. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झडतात, म्हणजे कणगीच लहान होते. त्यात पोटात, यकृतात, खुद्द स्नायूंत चरबी साठली की मुकादमाची हाक पोचत नाही.

आपल्याकडे ही गोष्ट काट्यावर दिसत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्रज डॉक्टर जॉन युडकिन या दोघांचा फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२! याज्ञिकांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३पासून गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्रज बाळांच्या मानाने स्नायू बरेच कमी, चरबी मात्र फारशी कमी नाही. म्हणजे आपली कणगी जन्मापासूनच लहान.

मग उपाय? स्नायू कामाला लागले की हमाल मुकादमाची वाट बघत नाहीत, आपणहून दारावर येतात. साठा खर्च होऊन कणगीत जागाही होते. हा गुण एक-दोन दिवस टिकतो. म्हणून आठवड्यातून एकदाच पाच मैल चालण्यापेक्षा रोजचा अर्धा तास बरा. शीरखुर्मा असो की पुरणपोळी, खाऊन लगेच आडवं होऊ नये, दहा-पंधरा मिनिटं चालावं. नुसत्या चालण्याने मात्र झडलेला स्नायू फारसा भरत नाही. हात न टेकता खुर्चीतून दहादा उठणं, पाण्याची कळशी उचलणं, असंही काही हवं. पूर्वी पाठीवर पोतं घेणारा माणूस आता मोटारसायकलवरून पान खायला जातो, त्याला काय म्हणावं!

भाकरी खाल्ली की साखर वाढत नाही, हा आपला लाडका समज. तीन भाकरी आणि ठेचा म्हणजे पीठच पोटात गेलं. एक भाकरी कमी करून वाटीभर घट्ट वरण, उसळ, दही किंवा अंडं घ्यावं. वयाबरोबर प्रथिनांची गरज वाढते, आणि घरात म्हातारीच्या ताटात नेमकं तेच कमी पडतं.

ज्यांना इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी व्यायाम वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं. चालताना घाम सुटून हातपाय कापायला लागले तर साखर उतरलेली असू शकते. त्यासाठी खिशात साखरेची पुडी ठेवावी.