रंगमंदिराचे नाव



वास्तूला नाव देणे सोपे. ते लोकांच्या मुखी रुळणे कठीण. कोल्हापूरचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले, १९१५ साली खुले झालेले नाट्यगृह ‘पॅलेस थिएटर’ म्हणून ओळखले जाई. १९५७ मध्ये त्यास संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. राजवाड्याचे नाव जाऊन नटाचे आले, आणि करवीरकरांनी ते आपलेसे केले. कारण १९०८ साली हुबळीस ‘ललितकलादर्श’ स्थापणारा, १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांसमवेत ‘संयुक्त मानापमान’ गाजविणारा हा गायकनट कोल्हापूरच्याच मातीतला होता.

८ ऑगस्ट २०२४ रोजी, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येस, ते नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. रंगकर्मी व रसिक साश्रुनयनांनी तेथे जमले. त्या शोकात जुन्या-नव्या नावाचा भेद नव्हता. शाहूंची वास्तू आणि केशवरावांचे नाव केव्हाच एकरूप झाले होते.

देवालयाच्या रंगमंचास वा सभामंडपास नाव देताना महाजनांनी हाच निकष लावावा. देणगीचा आकडा फलकावर राहतो. सेवा मात्र लोकांच्या मुखी राहते.