पदवीच्या वाटेवरचा कीमन

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी डॉक्टर, प्राध्यापक, कीर्तनकार बोलतात. यंदा कार्यकारिणीने रुळांवर काम करणाऱ्या एका डिप्लोमाधारक इंजिनिअरला उभे केले, त्याबद्दल आभार. मी शिक्षणतज्ज्ञ नाही. पण गाडी कुठे अडते आणि का अडते, हे पाहण्यात माझी वीस वर्षे गेली. आज त्याच नजरेने शिक्षणाकडे पाहणार आहे. विषय आहे, प्रवेश घेतलेला विद्यार्थी पदवीपर्यंत कसा पोहोचतो.

यासाठी मी उदाहरण अमेरिकेतले घेणार आहे, कारण तिथे या प्रश्नाची अगदी काटेकोर मोजदाद झाली आहे.

अमेरिकेत ‘कम्युनिटी कॉलेज’ असते. इलिनॉय राज्यात जोलिएट येथे १९०१ साली सुरू झालेले कॉलेज त्यातले सर्वांत जुने मानतात. फी कमी, प्रवेश सोपा, दोन वर्षांची ‘असोसिएट’ पदवी. ती मिळाली की पुढे चार वर्षांच्या पदवीसाठी विद्यापीठात जाता येते. आपल्याकडे डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जातात, साधारण तसेच. तिथे शिकणारे बहुतेक कमावत्या घरांतले. कुणी दिवसभर दुकानात उभे असते, कुणाला लहान मूल असते, कुणी घरात कॉलेजची पायरी चढणारे पहिलेच असते. प्रवेश खूप होतात; पण दोन वर्षांची पदवी तीन वर्षांतही बहुतेकांच्या हाती पडत नाही.

न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठाने, म्हणजे सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कने, २००७ साली आपल्या कम्युनिटी कॉलेजांत एक योजना सुरू केली. तिचे नाव ‘ए.एस.ए.पी.’. अट एकच मोठी : विद्यार्थ्याने पूर्णवेळ शिकायचे. त्याबदल्यात कॉलेज काय देणार ते ऐका. सरकारी मदत वजा जाता फीची जी रक्कम उरेल ती माफ. पाठ्यपुस्तके मोफत. भुयारी रेल्वे आणि बससाठी त्या काळचे मेट्रोकार्ड दरमहा मोफत. सोयीच्या वेळेत सलग बसवलेले तास. कच्च्या विषयांसाठी शिकवणी. नोकरीचा सल्ला. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एक सल्लागार, ज्याला महिन्यातून दोनदा भेटायचेच.

या सल्लागाराकडे साधारण ६० ते ८० विद्यार्थी असत. त्याच कॉलेजांत इतरांसाठी एका सल्लागारामागे ६०० ते १५०० विद्यार्थी होते. आता सांगा, पंधराशे मुलांपैकी कोण गेल्या आठवड्यात वर्गात आला नाही, हे कुणाला कळणार?

योजना खरोखर उपयोगी आहे का, हे एम.डी.आर.सी. या संशोधन संस्थेने तपासले. २०१० मध्ये तीन कॉलेजांतले ८९६ विद्यार्थी घेतले. सगळे कमी उत्पन्नाचे आणि गणित, वाचन किंवा लेखनात कच्चे. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन गट केले. एकाला योजना, दुसऱ्याला कॉलेजची नेहमीची व्यवस्था. हुशार मुले एकीकडे गेली असा आक्षेप घ्यायला जागाच ठेवली नाही. तीन वर्षांनी नेहमीच्या व्यवस्थेतले शेकडा २२ पदवीधर झाले. योजनेतले शेकडा ४०.

मुले तीच, कॉलेज तेच, अभ्यासक्रम तोच. मग मधली तफावत बुद्धीची होती का? नव्हती. ती बसभाड्याची, पुस्तकाची, वेळापत्रकाची आणि वेळेवर विचारपूस करणाऱ्या माणसाची होती.

आपल्यातले लेखा विभागाचे मित्र लगेच विचारतील, खर्च किती? बरोबर आहे, त्यांची सही झाल्याशिवाय फाइल हलत नाही. तीन वर्षांत प्रत्येक विद्यार्थ्यामागे सुमारे १६,३०० डॉलर जादा लागले. रक्कम मोठी आहे. पण पदवीधर इतके वाढले, की एका पदवीमागचा खर्च उलट कमी भरला. अर्ध्यावर सुटलेले शिक्षण सर्वांत महाग पडते, असा याचा अर्थ.

पुढे ओहायो राज्यातल्या तीन कॉलेजांनी हीच योजना उचलली. तिथे बरीच मुले मोटारीने येतात. म्हणून मेट्रोकार्डाऐवजी ठरलेल्या भेटी पाळणाऱ्यांना दरमहा ५० डॉलरचे पेट्रोल किंवा किराण्याचे कार्ड दिले. तीन वर्षांनी तिथेही शेकडा १९ विरुद्ध ३५ असा फरक दिसला.

नुसते पैसे दिले तर भागेल का? टेक्सासमध्ये फोर्ट वर्थ येथे, टॅरंट काउंटी कॉलेजात, हेही तपासले गेले. एका गटाला अडचणीच्या वेळचे पैसे आणि पाठीशी उभा राहणारा समाजसेवक, दुसऱ्याला फक्त पैसे, तिसऱ्याला काहीच नाही. फक्त पैसे मिळालेल्या गटाला काही फायदा दिसला नाही. माणूस आणि पैसे दोन्ही मिळाले तिथे मुलींचे पदवी घेण्याचे प्रमाण वाढले. मुलांच्या बाबतीत मात्र तसे स्पष्ट दिसले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

मित्रहो, ही माहिती वाचताना मला आपला कीमन आठवला. खांद्यावर हातोडा घेऊन तो रोज आपल्या बीटवर चालतो. ढिली झालेली चावी ठोकून बसवतो आणि पुढे जातो. तो आहे म्हणून गाडी अडत नाही. अपघात झाल्यावर क्रेन घेऊन धावण्यापेक्षा त्याचा हातोडा किती स्वस्त! न्यूयॉर्कचा तो सल्लागार म्हणजे कॉलेजातला कीमन. मूल नापास होऊन घरी बसल्यावर नव्हे, तर त्याची पहिली गैरहजेरी लागल्यावर तो विचारतो, ‘काय रे, काय झाले?’

हे आपल्याला परके नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले. त्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले. पुण्यात १९५५ पासून विद्यार्थी साहाय्यक समिती खेड्यांतून आलेल्या मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय करते. त्याआधीच्या पिढ्या तर वार लावून जेवल्या. वार लावणाऱ्या घरातली बाई वाढताना ‘परीक्षा कधी रे?’ असेही विचारायची. ते विचारणे ताटातल्या भाताइतकेच मोलाचे होते.

आपल्या रेल्वेनेही यात भर घातली आहे. २००८-०९ च्या रेल्वे अर्थसंकल्पात मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत घर ते शिक्षणसंस्था दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत देण्याची घोषणा झाली. चांपा, अकलतरा येथून सकाळच्या गाडीने येणाऱ्या मुलीच्या दृष्टीने तो पास म्हणजे न्यूयॉर्कचे मेट्रोकार्डच.

आता आपल्या दाराशी येऊ. वडील निवृत्त झाले, क्वार्टर सोडावे लागले आणि मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. गणितात ए.टी.के.टी. लागलेली, परीक्षा फीची तारीख निघून गेलेली. घरात कुणी कॉलेज पाहिलेले नाही, मग विचारायचे कुणाला? असा मुलगा भांडत नाही, रडत नाही. एक दिवस जायचे थांबतो, एवढेच. आपले मंडळ दरवर्षी गुणवंतांचा सत्कार करते आणि तो चालूच राहावा. पण सत्कार स्टेशनात पोहोचलेल्या गाडीचा होतो. मधल्या सेक्शनमध्ये उभ्या असलेल्या गाडीसाठी आपण काही करू शकतो का?

माझ्या तीन सूचना आहेत. पहिली : कॉलनीतल्या आणि आसपासच्या मराठी कुटुंबांतली कॉलेजात शिकणारी मुले कोण, याची यादी करावी. तीत गँगवर ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांची मुलेही असावीत. दुसरी : मंडळातल्या काका-काकूंनी, दादा-वहिनींनी प्रत्येकी जास्तीत जास्त पाच मुले वाटून घ्यावीत. महिन्यातून दोनदा भेटावे. उपदेश करू नये. हजेरी, फी, पुस्तके, अडलेला विषय एवढेच विचारावे. तिसरी : वर्गणीतला ठरावीक भाग परीक्षा फी, पुस्तके आणि पास यांसाठी वेगळा ठेवावा आणि तो त्या भेटणाऱ्या माणसाच्या सांगण्यावरून लगेच द्यावा. अर्ज, शिफारस, बैठक यात महिना गेला तर परीक्षा निघून जाते.

रविवारी सकाळी मंडळाचे सभागृह रिकामे असते. निवृत्त मंडळींपैकी कुणी अकाउंटन्सी शिकवू शकेल, कुणी इंग्रजी. गणित आणि स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स माझ्याकडे द्या. ब्लॉक नसेल त्या प्रत्येक रविवारी मी येईन आणि माझ्या वाटणीची पाच नावे आजच घेऊन जाईन.

श्रीगणेशाला आपण विद्येची देवता म्हणतो आणि विघ्नहर्ताही म्हणतो. विद्येच्या वाटेवरची विघ्ने बहुधा लहानच असतात : एक पास, एक पुस्तक, एक चुकलेली तारीख. ती दूर करणे आपल्या हातात आहे.

गणपती बाप्पा मोरया!