अमेरिकेत फिजिशियन असिस्टंट व्हायचं तर

मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टरकीतलं मला काही कळत नाही. पण माझ्या खालाच्या मुलीने आपल्याकडे बी.एस्सी. फिजिशियन असिस्टंट केलं, आणि ‘या पदवीवर थेट अमेरिकेत नोकरी’ असं सांगून एका एजंटाने तिच्याकडून पैसे घेतले. तेव्हा मी नियम वाचायला बसलो.

थेट नोकरी नाहीच. तिथे हा पेशा १९६५ साली ड्यूक विद्यापीठात सुरू झाला, नौदलात वैद्यकीय काम केलेल्या चौघांना घेऊन. आता तो मास्टर्सचा अभ्यासक्रम आहे, साधारण २७ महिन्यांचा. आधी वर्ग, मग वेगवेगळ्या विभागांत रुग्णांमध्ये सुमारे २,००० तास. शेवटी ‘पान्स’ ही परीक्षा आणि राज्याचा परवाना. पण पान्सला बसायचं तर शिक्षण तिथल्याच मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातून हवं. आपली पदवी कितीही चांगली असो, तिच्यावर बसता येत नाही.

प्रवेशाला मात्र पदवीचा विषय सहसा कोणताही चालतो, अगदी माझं इंजिनिअरिंगसुद्धा! फक्त शरीररचना, शरीरक्रिया, रसायन, सूक्ष्मजीवशास्त्र असे विषय झालेले हवेत. परदेशी पदवीचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं; काही कॉलेजं ती घेतच नाहीत, म्हणून फी भरण्याआधी विचारा. आणि खरी अडचण तासांची. प्रत्यक्ष रुग्णसेवेचे हजाराहून जास्त तास मागणारी कॉलेजं बरीच आहेत. मामूंच्या दवाखान्यात बसून केसपेपर लावलेले त्यात सहसा धरत नाहीत.

बहीण सध्या वॉर्डात काम करते, रोजचे तास वहीत लिहून सिस्टरची सही घेते. एजंटाकडचे पैसे अजून आलेले नाहीत.