पार्सल परत गेले, पैशांचे काय?

ऑनलाइन मागवलेले पार्सल ग्राहकाने वारंवार घेतलेच नाही, तर ते विक्रेत्याकडे परत जाते. वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील मेडशीसारख्या गावात कारण बहुधा साधे असते: माणूस शेतात, फोन रेंजबाहेर, पत्त्यात नुसते ‘मेडशी, अकोला-वाशीम रोड’. कुरियरवाला साधारण दोन-तीन खेपा करतो, मग माल माघारी.

पैसे माल हाती आल्यावर द्यायचे असतील, तर परताव्याचा प्रश्नच उरत नाही. आगाऊ भरले असतील, तर गुंता होतो. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याचे कलम ४४ इथे विक्रेत्याच्या बाजूचे आहे. सांगूनही खरेदीदाराने वाजवी मुदतीत माल उचलला नाही, तर त्यामुळे झालेले नुकसान आणि मालाच्या सांभाळाचा वाजवी खर्च त्याच्याकडून मागता येतो. म्हणजे जाण्यायेण्याचे भाडे कापणे समजण्यासारखे. सगळी रक्कम गिळणे नव्हे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार परताव्याच्या अटी ग्राहकाला आधीच दिसायला हव्यात.

खेप न करताच ‘ग्राहक भेटला नाही’ असा शेरा मारला गेला, तर मोबाइलवरील कॉलची नोंद आणि संदेश पुसू नयेत, पुरावा तोच. दाद १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, नाहीतर वाशीमच्या जिल्हा ग्राहक आयोगात मागता येते.