हाच विषय का घेतलास?

एम. ए.च्या प्रबंधाचा विषय ठरवताना आम्ही विद्यार्थ्याला एक प्रश्न हमखास विचारतो, 'हाच विषय का घेतलास?' विषय मुस्लिमांबद्दलचा आकस आणि भेदभाव हा असेल, तर उत्तर बहुधा ठरलेले असते, 'सर, महत्त्वाचा सामाजिक प्रश्न आहे.' खरे उत्तर चार-सहा महिन्यांनी चहा पिताना कळते. रायगडच्या किनाऱ्यावरून आलेल्या माझ्या तीन विद्यार्थ्यांची खरी उत्तरे आज सांगतो.

एक मुलगी म्हसळ्याकडची. आडनाव देशमुख. कोकणी मुसलमानांत देशमुख, खोत अशी आडनावे असतात, हे मुंबईत पुष्कळांना ठाऊक नसते. फोनवर आडनाव सांगितले की खोली रिकामी असायची, भाडे-अनामत सगळे ठरायचे. पूर्ण नाव सांगितले की तीच खोली 'कालच गेली'. असे तीनदा झाले. रागाआधी तिला कुतूहल वाटले, कारण मधल्या अर्ध्या मिनिटात तिच्यात काहीच बदलले नव्हते!

दुसरा श्रीवर्धनजवळचा. गाव विचारले की 'अलिबागकडचा' म्हणायचा. १९९३ च्या फेब्रुवारीत शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरले आणि १२ मार्चला मुंबईत २५७ माणसे गेली. हा मुलगा तेव्हा जन्मलाही नव्हता. त्या खटल्यात किनाऱ्यावरची काही माणसे दोषी ठरली, हे खरेच. पण वाट मोकळी करून देणारे कस्टम आणि पोलीस खात्यातले लोकही दोषी ठरले, त्यांत हिंदूही होते. त्यांची गावे कोणी लक्षात ठेवली नाहीत. कुलाबा जिल्ह्याचे 'रायगड' झाले १९८१ मध्ये, तेव्हा मुख्यमंत्री होते म्हसळा तालुक्यातल्या आंबेतचे बॅरिस्टर अंतुले. शेखाडी सर्वांना माहीत. आंबेत मात्र सांगावे लागते.

तिसरी मुरुडची कोळ्यांची मुलगी. ईदला शेजारून शीरखुर्मा येतो, वाटी कधी रिकामी परत जात नाही. आणि त्याच घरात रात्री 'ती माणसं' म्हणून बोलणे चालते. हे दोन्ही एका घरात नांदते कसे, एवढेच तिला समजून घ्यायचे होते. मला तिघांत तिचाच विषय अवघड वाटला.

आता कोणी म्हणेल, स्वतःचे दुखणे घेऊन आलेला तटस्थ कसा राहणार? शंका रास्त आहे. पण १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवर निबंध वाचणाऱ्या आंबेडकरांना तरी विषय शोधायला ग्रंथालयात जावे लागले होते का? मात्र निबंधात त्यांनी आपले गाऱ्हाणे मांडले नाही. जात टिकते कशी, याची उपपत्ती मांडली. पुढे १९२७ च्या डिसेंबरात महाडला परिषदेच्या मंडपासाठी जागा मिळेना, तेव्हा ती फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी दिली. आणि १९३४ मध्ये दौलताबादच्या किल्ल्यावर पाण्यावरून आंबेडकरांना व त्यांच्या सोबत्यांना अडवले, तेही मुसलमानांनीच. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. मी विद्यार्थ्यांना हे दोन्ही प्रसंग एकत्रच सांगतो.

सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा २००७ मधला अभ्यासही वाचायला देतो. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावे बदलली. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता दोन तृतीयांश, मुस्लिम नावाला जेमतेम एक तृतीयांश निघाली. देशमुख मुलीला आपले तीन फोन आठवले. मी म्हटले, तीन पुरत नाहीत. आणि तुझ्या गावच्या मुस्लिम घरमालकांनाही विचार, दलित भाडेकरू चालेल का? तिने विचारले. काही उत्तरे तिला टोचली, पण ती प्रबंधातून गाळली नाहीत.

श्रीवर्धनच्या मुलाने पहिल्याच पानावर आपल्या गावाचे नाव लिहिले. मी सुचवले नव्हते.

मुरुडच्या मुलीने वडिलांची मुलाखत सर्वांत शेवटी घेतली. ते दोन तास मोकळेपणाने बोलले. टेप बंद झाल्यावर म्हणाले, 'ह्यातलं शेजारी काही वाचणार नाहीत ना गं?'